न संपणारे धुणे आणि सरकणारी सीमा : यान काप्लिन्स्की यांच्या ‘द वाँडरिंग बॉर्डर’ या संग्रहाचे परीक्षण

यान काप्लिन्स्की या एस्टोनियन कवी-अनुवादकाचा ‘द वाँडरिंग बॉर्डर’ हा इंग्रजी कवितासंग्रह अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या पोर्ट टाउनसेंड या लहानशा बंदरगावातून कॉपर कॅनियन प्रेसने १९८७ मध्ये काढला. माझ्याकडे आलेली प्रत जुनी आहे. जुन्या पुस्तकांच्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ती मागवली, तेव्हा पुस्तकापेक्षा टपालखर्च जास्त पडला. ऐन आषाढात ती नुसत्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून आली आणि उजवा खालचा कोपरा पाणी पिऊन फुगलेला निघाला. तक्रार केल्यावर विक्रेत्याने ‘प्रत वाचनीय आहे’ एवढेच उत्तर पाठवले, आणि दुर्दैवाने ते खरे होते. त्या फुगलेल्या कोपऱ्यासकट हे पुस्तक मी गेले काही महिने उशाशी ठेवून वाचत आहे. विकत घेण्याजोगे ते आहे का, असेल तर कोणी घ्यावे आणि त्यात काय मिळत नाही, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

पुस्तकाच्या अनुवादकांची नावे वाचताना पहिला प्रश्न पडतो. अनुवाद स्वतः कवीने सॅम हॅमिल आणि रीना ताम यांच्या साहाय्याने केला आहे. म्हणजे वाचकाच्या हातात पडते ते परक्याने केलेले भाषांतर नव्हे आणि मूळ लेखनही नव्हे. आपल्याकडे अरुण कोलटकर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहीत, तेव्हा कोणती कविता मूळ आणि कोणती अनुवादित हा वाद वाचकांनी भरपूर घातला. काप्लिन्स्कींच्या बाबतीत तो वाद घालायची सोय नाही, कारण बहुतेक वाचकांना एस्टोनियन येतच नाही. ती बोलणारे लोक साधारण अकरा लाख, म्हणजे आपल्या एखाद्या जिल्ह्याइतकेही नाहीत. एवढ्या लहान भाषेच्या कवीला बाहेरच्या जगात जायचे असेल, तर कुणी अनुवादक भेटेपर्यंत वाट पाहावी लागते किंवा स्वतःच अनुवादक व्हावे लागते. काप्लिन्स्की दोन्ही कामांत मुरलेले होते. त्यांनी फ्रेंच, इंग्रजी, स्पॅनिश, स्वीडिश आणि चिनी या भाषांतून एस्टोनियनमध्ये कविता आणल्या. पुढे नोबेल मिळालेले स्वीडिश कवी तोमास त्रांस्त्रोमर यांच्या कविताही त्यांत आहेत. त्यांची स्वतःची कविता इतकी साधी, अलंकार उतरवून ठेवल्यासारखी का वाटते, याचे उत्तर मला वाटते याच अनुवादाच्या कामात आहे.

पण आधी माणसाविषयी. काप्लिन्स्की यांचा जन्म २२ जानेवारी १९४१ चा, तार्तू या विद्यापीठाच्या गावातला. हे विद्यापीठ स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ याने १६३२ मध्ये स्थापन केले. आडनाव एस्टोनियन नाही, पोलिश आहे. वडील येझी काप्लिन्स्की तार्तू विद्यापीठात पोलिश शिकवीत आणि आई नोरा राउडसेप नृत्यांगना होती. एस्टोनिया १९४० मध्ये सोव्हिएत संघाने गिळंकृत केला. १९४१ मध्ये, मुलगा काही महिन्यांचा असतानाच, वडिलांना अटक झाली आणि पुढे उत्तर रशियातील श्रमछावणीत त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी जून महिन्यात एस्टोनियातून सुमारे दहा हजार माणसांना गुरांच्या डब्यांत कोंबून सायबेरियाकडे पाठवण्यात आले होते, त्यामुळे वडील नसलेली मुले त्या पिढीत घरोघरी होती. नंतर जर्मन आले आणि १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत सैन्य आले. या दोन धक्क्यांत तार्तूचा मध्यभाग जळून गेला. काप्लिन्स्की यांचे बालपण त्या पडक्या, भयभीत आणि दरिद्री गावात गेले.

त्यांनी १९६४ मध्ये तार्तू विद्यापीठातून फ्रेंच भाषेची पदवी घेतली आणि भाषाविज्ञानाचा अभ्यास पुढेही चालू ठेवला. युरी लोटमन या अभ्यासकामुळे चिन्हमीमांसेचे, म्हणजे चिन्हे आणि त्यांचे अर्थ यांच्या अभ्यासाचे, केंद्र म्हणून तार्तूचे नाव होऊ लागले होते, तोच हा काळ. पण काप्लिन्स्कींवर अधिक खोल ठसा उमटला तो उकू मासिंग या विलक्षण माणसाचा. मासिंग धर्मशास्त्रज्ञ होते, कवी होते, अनेक भाषांचे जाणकार होते आणि सोव्हिएत राजवटीत ते विद्यापीठाबाहेर राहिले. याच तार्तूत लिन्नार्त मॅल यांनी धम्मपद आणि भगवद्गीता एस्टोनियनमध्ये आणली, आणि बौद्ध आचार्य शांतिदेवाचा बोधिचर्यावतारही. बंद देशातल्या एका लहान गावात बसून काही माणसे संस्कृत, चिनी आणि तिबेटी ग्रंथ वाचत होती, ही गोष्ट मला आजही नवलाची वाटते. तार्तूच्या कडेला सोव्हिएत बाँबफेकी विमानांचा तळ असल्यामुळे परदेशी माणसाला तिथे मुक्काम करता येत नसे. जग आत येऊ शकत नव्हते, पण जगाचे ग्रंथ आत येत होते. काप्लिन्स्कींची महायान बौद्ध विचाराशी आणि ताओ परंपरेशी गाठ तिथे पडली, आणि ती आयुष्यभर सुटली नाही.

पहिला संग्रह १९६५ मध्ये आला. त्या काळी तरुण कवींच्या लहान लहान पुस्तिका एका खोक्यात घालून एकत्र विकल्या जात आणि त्या खोक्याला ‘कॅसेट’ म्हणत, म्हणून पॉल-एरिक रुम्मो, हांदो रुन्नेल, विव्ही लुइक आणि काप्लिन्स्की यांच्या पिढीला ‘कॅसेट पिढी’ हे नाव पडले. १९६७ मधल्या ‘धूळ आणि रंग यांच्यातून’ अशा अर्थाच्या दुसऱ्या संग्रहाने त्यांचे नाव झाले. त्यातल्या एका गाजलेल्या कवितेत प्राचीन फ्रान्समधल्या गॉल लोकांचा नायक व्हर्सिंजेटोरिक्स सीझरला बजावतो की आम्ही जगतो ती जमीन तू हिरावून घेशील, पण आम्ही जिथे मेलो ती जमीन तुला घेता येणार नाही. सेन्सॉरला ती रोमन इतिहासाची कविता वाटली असेल. एस्टोनियातल्या वाचकाला सीझर कोण आणि गॉल कोण हे सांगावे लागले नाही.

ऑक्टोबर १९८० मध्ये तालिन शहरात तरुणांची निदर्शने पोलिसांनी दडपल्यानंतर चाळीस विचारवंतांनी एक पत्र लिहून वृत्तपत्रांकडे पाठवले. एस्टोनियन भाषेचे स्थान डळमळीत होत आहे आणि लोकांत अस्वस्थता आहे, असे त्यात म्हटले होते. ते पत्र छापले गेले नाही, पण हातोहाती फिरले, आणि सह्या करणाऱ्यांना चौकशा आणि जाच सोसावा लागला. त्या पत्राचे मुख्य सूत्रधार काप्लिन्स्की होते. ही पार्श्वभूमी अशासाठी सांगितली की ‘द वाँडरिंग बॉर्डर’मधल्या कविता बऱ्याच अंशी त्या पत्राच्या नंतरच्या वर्षांतल्या आहेत आणि त्यांत पत्राचा, पोलिसांचा किंवा पक्षाचा उल्लेख जवळजवळ नाही. त्यांत आहेत धुणी, कुंपणे, मुलांच्या फाटलेल्या विजारी, बटाट्याची शेते आणि चंद्र. हा पळपुटेपणा आहे असे पहिल्या वाचनात मला वाटले होते. दुसऱ्या वाचनात मत बदलले. ज्या राजवटीत प्रत्येक शब्दाला आधीच एक सरकारी अर्थ चिकटवलेला असतो, तिथे धुण्याला धुणे म्हणणे ही शब्द परत मिळवायचीच रीत आहे.

आता कवितांकडे येऊ. पहिली घेतो ती धुण्याची. धुणे कधी होत नाही, घर तापत नाही, पुस्तके वाचून होत नाहीत, आयुष्य कधी पुरे होत नाही, असे ती सुरुवातीला एकामागून एक सांगत जाते. कुंपण एका टोकाला दुरुस्त केले की दुसऱ्या टोकाला कोसळते, छप्पर गळते, स्वयंपाकघराचे दार लागत नाही, पायाला तडे गेलेले असतात. आणि मग कविता हळूच वळते. एवढे सगळे असूनही माणसाला वसंत दिसतो हेच आश्चर्य, असे म्हणून ती संध्याकाळच्या ढगांत, पाखराच्या गाण्यात, कुरणातल्या प्रत्येक गवतपात्यावरच्या दवात पसरत दूर अंधारापर्यंत जाते. पहिला अर्धा भाग आखूड, तुटक वाक्यांचा आणि दुसरा अर्धा भाग एकाच लांब श्वासाचा. इंग्रजीतही ही रचना टिकली आहे आणि अनुवादकांनी इथे शाबासकी मिळवली आहे.

मात्र इंग्रजीत एक गोष्ट निसटते, आणि मराठी वाचकाला ती मराठीमुळेच कळू शकते. एस्टोनियन भाषेत ‘होणे, मिळणे’ अशा अर्थाचे ‘साआदा’ हे एक क्रियापद आहे. त्याच्या आधाराने कर्त्याला बाजूला ठेवून काम पुरे होणे किंवा न होणे सांगता येते. आपल्याकडे ‘धुऊन होणे’, ‘वाचून होणे’, ‘लिहून होणे’ ही रचना रोजच्या बोलण्यात आहे. ‘माझे वाचून झाले नाही’ असे म्हणताना आपण वाचणाऱ्याला दोष देत नाही, वाचनालाच कर्ता करतो. मूळ कवितेची दैववादी, किंचित मिश्कील कुरकुर नेमकी या रचनेत आहे. इंग्रजीला तिथे कर्मणी प्रयोग वापरावा लागतो आणि तो जरा कार्यालयीन वाटतो. मराठीत ती कुरकुर जशीच्या तशी येते. तिसऱ्याच भाषेतून हातात आलेली कविता आपल्या भाषेत आधीच बसलेली निघावी, हा अनुभव मला या पुस्तकाने पहिल्यांदा दिला.

असाच एक धागा त्यांच्या १९८२ मधल्या संग्रहाच्या नावात आहे. ‘रास्के ऑन केर्गेक्स साआदा’ असे ते नाव आहे आणि त्यातले क्रियापदही तेच. इंग्रजीत त्याचा अर्थ सांगताना अवघड आणि वजनदार यांपैकी एकच निवडावे लागते. मराठीत निवडायची गरज नाही : हलके होणे जड आहे. एस्टोनियनमध्ये ‘रास्के’ म्हणजे वजनाने जड आणि करायलाही जड, आपल्या ‘जड’सारखेच. दोन भाषा एकमेकींच्या कुळातल्या नाहीत, मराठी इंडो-युरोपीय आणि एस्टोनियन फिनो-उग्रिक, तरी दोघींना हा श्लेष सुचला आहे.

उलट दिशेने अडचणीही आहेत. एस्टोनियनमध्ये व्याकरणिक लिंग नाही. ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच सर्वनाम आहे, भविष्यकाळाचे वेगळे रूप नाही आणि विभक्ती चौदा आहेत. काप्लिन्स्की यांना या गोष्टींचे मोठे कुतूहल होते. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर मॉर्डव्हिन असता तर काय झाले असते, अशा आशयाचे शीर्षक असलेला त्यांचा एक निबंध आहे. युरोपचे तत्त्वज्ञान युरोपीय भाषांच्या व्याकरणावर उभे आहे आणि तत्त्वज्ञ व्होल्गाकाठच्या एखाद्या फिनो-उग्रिक जमातीचा असता तर ‘असणे’ या शब्दाभोवती एवढा डोलारा उभा राहिला नसता, अशी ती गंमत आहे. गंमत म्हणावी, पण गंभीरपणे घ्यावी अशी. इंग्रजीत सर्वनामापुरते लिंग येते. मराठीत मात्र भूतकाळातले साधे अकर्मक क्रियापदही ‘गेला’ की ‘गेली’ हे विचारल्याशिवाय पुढे सरकू देत नाही. मूळ कवितेतला बोलणारा निव्वळ माणूस असतो. मराठीत आणायला बसलो की पहिल्याच ओळीला त्याला पुरुष करावे लागते.

अशाच आणखी एका अडचणीचे ठसठशीत उदाहरण मला फार आवडलेल्या कवितेत आहे. कवीला फिजी बेटांवरून एक चित्रपत्र येते, त्यावर ऊसतोडणीचे चित्र असते. ते पाहून त्यांना उमगते की कोणतीच गोष्ट मुळात अद्भुत नसते. मुतिकू या त्यांच्या खेड्यातल्या घराच्या बागेत बटाटे खणणे आणि व्हिती लेव्हू बेटावर ऊस तोडणे यांत फरक नाही. दुरून पाहिले की कविताही गूढ आणि सणासुदीची वाटते. प्रत्यक्षात ती उसाच्या मळ्याहून किंवा बटाट्याच्या शेताहूनही साधी आहे : करवतीखालून पडणारा भुसा, रंध्यातून निघणारी मऊ पिवळसर सालपटे, संध्याकाळी हात धुणे, किंवा वारलेल्या आत्या-मावशीने न विसरता खिशात ठेवलेला स्वच्छ रुमाल.

एस्टोनियन किंवा अमेरिकन वाचकाला या कवितेत ऊस दूरचा आणि बटाटा जवळचा. कोल्हापूर-सांगलीकडे वाढलेल्या, ऊसतोड टोळ्यांच्या बैलगाड्या आणि कारखान्याच्या मळीचा वास ओळखणाऱ्या वाचकाला या कवितेचा तराजू उलटा लागतो. आपल्याला दूरचे वाटते ते मुतिकू. बर्फ वितळल्यावर काळ्या मातीतून बटाटे लावणारे, मांजराएवढ्या उंचीच्या गवतात चालणारे कुणीतरी. आणि फिजीतला ऊस तर मुळात आपल्याच देशातून करारावर नेलेल्या मजुरांनी उभा केला. म्हणजे कवितेतल्या त्या चित्रपत्रावरच्या मजुरांचे पणजोबा कलकत्त्याच्या किंवा मद्रासच्या बंदरातून निघालेले असण्याची शक्यता दाट. कविता यातले काही सांगत नाही आणि सांगायची तिला गरजही नाही. पण काहीच अद्भुत नसते हे तिचे म्हणणे उसाच्या बाजूने वाचणाऱ्याला जास्त पटते, एवढे मात्र मी खात्रीने म्हणेन.

आता त्या रुमालाच्या बाईकडे वळू. इंग्रजीत तिच्यासाठी आलेला शब्द आत्याही आहे, मावशीही आहे, काकू आणि मामीही. एस्टोनियनमधला रोजचा ‘तॅदी’ हा शब्दही तितकाच सैल. मराठीत मात्र ठरवल्याशिवाय वाक्य लिहिता येत नाही, आणि वर परिच्छेद लिहिताना मीही ‘आत्या-मावशी’ अशी पळवाट काढली आहे. तिची आठवण असलेली आणखी एक कविता काप्लिन्स्की यांनी लिहिली आहे. तिच्यात ही बाई जर्मनव्याप्त तार्तूच्या रस्त्यावर, कपड्यांवर पिवळा तारा शिवलेल्या ज्यू ओळखीच्यांशी थांबून बोलते आणि तिच्या मैत्रिणी घाबरतात. एस्टोनियात मागे राहिलेले सुमारे एक हजार ज्यू जर्मन ताब्याच्या त्या काळातच मारले गेले. त्या कवितेच्या शेवटी कवी धुळीविषयी बोलतो : हवेत तरंगणारी, पुस्तकांच्या फटीत बसणारी धूळ, आणि तिच्यात कदाचित त्या माणसांचाही एखादा कण, आजोबांच्या बागेतल्या सफरचंदाच्या पांढऱ्या फुलांवर उतरलेला. मी या दोन कविता शेजारी ठेवून वाचल्या, तेव्हा स्वच्छ रुमाल ठेवणारी ती बाई केवळ माया करणारी राहिली नाही. वडिलांकडचे नातलग पोलंडमधले, तार्तूत वाढलेल्या मुलाच्या खिशात रोज रुमाल ठेवणारी बाई आईकडचीच असणार, या अंदाजावर मी माझ्या प्रतीच्या समासात पेन्सिलीने ‘मावशी’ लिहून ठेवले आहे. खोडता यावे म्हणून पेन्सिलीने.

संग्रहाचे नाव ज्या कवितेवरून आले, ती पूर्व-पश्चिम सीमेची कविता बहुतेक संकलनांतून निवडली जाते आणि तिची कीर्ती रास्त आहे. पूर्व आणि पश्चिम यांच्यामधली सीमा सतत सरकत असते. ती आज गॉगमेलाला, म्हणजे अलेक्झांडरने इराणच्या सम्राटाला हरवले त्या रणांगणावर आहे, उरल पर्वतात आहे की आपल्या आतच आहे हे कळत नाही. आतून गेली असेल तर एक कान, एक डोळा, एक हात, एक फुफ्फुस या बाजूला आणि दुसरे त्या बाजूला पडते. फक्त हृदय नेहमी एकाच बाजूला राहते : उत्तरेकडे तोंड केले तर पश्चिमेला, दक्षिणेकडे तोंड केले तर पूर्वेला. तोंडाला मात्र कळत नाही की त्याने कोणाच्या वतीने बोलायचे. शरीररचनेचा हा साधा विनोद इतका अचूक आहे की तो खरा आहे ना हे पाहण्यासाठी मी खोलीत उभा राहून उत्तरेकडे तोंड केले होते. ज्या माणसाचे वडील पोलिश, भाषा एस्टोनियन, सरकार सोव्हिएत आणि उशाशी चिनी कवी, त्याने ही कविता लिहिली नसती तर कोणी लिहायची?

आणखी एक कविता मुलाबरोबर घरी परतण्याची. सांज झाली आहे, पश्चिमेला कोवळी चंद्रकोर आणि तिच्याशेजारी एकच तारा. बाप मुलाला चंद्राला नमस्कार कसा करायचा ते सांगतो, तो तारा चंद्राचा नोकर आहे असेही सांगतो. मुलगा म्हणतो की चंद्र आपण गेलो होतो त्या जागेइतका लांब आहे. बाप हिशेब मांडतो : रोज दहा किलोमीटर चालले तर सुमारे शंभर वर्षे लागतील. मी तोही हिशेब करून पाहिला. चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर, म्हणजे ३८,४०० दिवस, म्हणजे १०५ वर्षे. चालता चालता मनात केलेल्या गणिताला इतकी तूट चालते. पण मुलाला हे ऐकायचेच नव्हते, असे कविता एका ओळीत सांगते आणि बापाचा शहाणपणा तिथेच खाली ठेवते. पुढे पायाखाली बर्फाची पापुद्री करकरते, बाकी घरे अंधारलेली असतात, फक्त आपल्या स्वयंपाकघरात दिवा असतो, आणि धुराड्याशेजारी तोच चंद्र आणि तोच तारा. चंद्र खरोखर त्या जागेइतकाच लांब निघाला : घराच्या धुराड्याला टेकलेला. मुलगा बरोबर होता हे कवी म्हणत नाही. चित्र तसे मांडून तो थांबतो.

हे थांबणे चिनी कवितेतून आले आहे, आणि इथे सहअनुवादक सॅम हॅमिल यांचा वाटा मोजावा लागतो. हॅमिल हे कॉपर कॅनियन प्रेसचे एक संस्थापक. स्वतः कवी, बौद्ध, चिनी आणि जपानी कवितेचे अनुवादक, तू फू आणि बाशो यांच्यावर जीव असलेले. मूळ कवीही चिनी कविता एस्टोनियनमध्ये आणणारा आणि सहअनुवादकही चिनी कविता इंग्रजीत आणणारा, असा योग क्वचित जुळतो. त्यामुळे या इंग्रजीला एक ओळखीचा घाट मिळाला : लहान वाक्ये, नामांवर भर, विशेषणांची काटकसर, शेवटी एखादे निसर्गचित्र. यातला फायदा उघड आहे, पण तोटाही सांगायला हवा. सलग वीस-पंचवीस कविता वाचल्या की सगळ्या एकाच सुरात येतात आणि कुठे कुठे काप्लिन्स्की कमी ऐकू येतात, त्या काळातली अमेरिकन ‘पूर्वेकडची’ कविता जास्त. त्यांच्या साठच्या दशकातल्या कवितांमधला मंत्रासारखा, पुनरुक्तीने चढत जाणारा, लोकगीताच्या जवळचा सूर इथे जवळजवळ नाही. तो पाहायचा तर ‘द सेम सी इन अस ऑल’ हा १९८५ मधला आधीचा इंग्रजी संग्रह शोधावा लागतो.

दुसरी उणीव म्हणजे मूळ एस्टोनियन संहिता समोरच्या पानावर नाही. प्रकाशकाच्या दृष्टीने पाने दुप्पट होतात हे मान्य, पण लिपी रोमन असल्यामुळे भाषा न येणाऱ्या वाचकालाही ओळींची लांबी, पुनरुक्ती आणि यमकांचा अभाव डोळ्यांनी कळला असता. वर मी ‘साआदा’विषयी जे लिहिले ते पुस्तकातून मिळालेले नाही, मूळ कविता वेगळीकडून शोधून, शब्दकोश घेऊन बसल्यावर हाती लागले. कवितांना बहुधा शीर्षके नाहीत, त्यामुळे एखादी कविता पुन्हा शोधायची तर पहिली ओळ आठवावी लागते. मी शेवटी कागदाचे तुकडे घालून ठेवले.

आणि इतरांच्या कविता एस्टोनियनमध्ये आणणारे अनुवादक काप्लिन्स्की या संग्रहात अर्थातच दिसत नाहीत, दिसतो तो त्यांच्या अनुवादांचा परिणाम. भाषा बदलत राहण्याची त्यांची सवय पुढे वाढतच गेली. १९९१ मध्ये त्यांनी थेट इंग्रजीत लिहिलेल्या कवितांचे पुस्तक काढले. २०१२ मध्ये दक्षिण एस्टोनियातील व्होरो बोलीत एक संग्रह लिहिला. २०१४ मध्ये तर थेट रशियन भाषेत कवितासंग्रह काढला आणि रशियाबाहेर राहून रशियनमध्ये लिहिणाऱ्यांसाठीचा ‘रशियन पुरस्कार’ मिळवला. ज्यांच्या वडिलांना त्या भाषेच्या राज्यकर्त्यांनी छावणीत मारले, त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर ती भाषा कवितेसाठी निवडावी, यावर मला भाष्य सुचत नाही. मधल्या काळात, १९९२ ते १९९५, ते स्वतंत्र एस्टोनियाच्या संसदेचे सदस्य होते. त्यांच्या पत्नी तीया तोमेट याही लेखिका, आणि तार्तूच्या खेळण्यांच्या संग्रहालयाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा आहे. काप्लिन्स्की यांचे निधन ८ ऑगस्ट २०२१ रोजी झाले.

पुस्तक कोणी घ्यावे? कवितेचा मराठी अनुवाद करणाऱ्यांनी अवश्य. इंग्रजीतून तिसऱ्या भाषेची कविता आणताना काय निसटते आणि मराठीच्या पोटातून काय परत मिळते, याचा सराव करायला इतके सोपे इंग्रजी आणि इतका खोल आशय एका ठिकाणी सहसा मिळत नाही. घर, मुले आणि दुरुस्त्या यांत अडकलेल्या वाचकांनाही ते आवडेल, फक्त रोज दोन-तीन कवितांहून अधिक वाचू नयेत. ज्यांना एस्टोनियाचा राजकीय इतिहास हवा आहे किंवा प्रतिमांची आतषबाजी हवी आहे, त्यांनी पैसे वाचवावेत.

१९८७ ची आवृत्ती आता बहुधा जुन्या बाजारातच मिळते. ती न मिळाल्यास ब्लडॅक्स बुक्स या ब्रिटिश प्रकाशनाने २०११ मध्ये काढलेल्या निवडक कविता घ्याव्यात. त्यात चार इंग्रजी संग्रहांतली निवड एकत्र येते आणि वर सांगितलेला एकसुरीपणा त्यामुळे कमी होतो. संग्राहक असाल तर जुनीच शोधा, पण मागवताना पुठ्ठ्याच्या खोक्यातून पाठवणार का हे विक्रेत्याला आधी लेखी विचारा, आणि शक्यतो दिवाळीनंतर मागवा.